परका हात

शिंगडॉक्टर हे काही त्याला आईबापांनी दिलेलं नाव नव्हे. पण उभी हयात बैलांनी आणि वळूंनी फाडलेली पोटं शिवण्यात घालवली, की लोक पाटीवरचं नाव विसरतात. गावाच्या एका अंगाला गुरांचा बाजार, दुसऱ्या अंगाला गोठे आणि कुरणं, आणि मधे त्याचं दोन मजली हॉस्पिटल. बाजाराच्या दिवशी वॉर्डातल्या दोन खाटा आधीच झाडून, चादरी घालून तयार ठेवायच्या, असा तिथला शिरस्ताच पडला होता. कोणी तोंडावर शिंगडॉक्टर म्हटलं की तो वैतागल्यासारखं करायचा, मी काय शिंगं विकतो का म्हणून विचारायचा, आणि मनातून खूश असायचा.

शिंगाची जखम फार लबाड असते. बाहेरून बघाल तर दोन बोटं मावतील एवढं भोक. माणूस कधी कधी आपल्या पायांनी चालत येतो, पाणी मागतो, थट्टाही करतो. पण जनावर शिंग खुपसून गप्प उभं राहत नाही. ते मान वर उचलतं, हिसडा देतं, मग दुसरीकडे वळवतं. म्हणजे कातडीवर भोक एक, आणि आत वाटा दोन-तीन, कुठली कुठे गेली असेल याचा नेम नाही. वर शिंगाला लागलेलं शेण, माती, गोठ्यातली सगळी घाण आत पोचलेली. नवशिका डॉक्टर बाहेरचं भोक शिवून मोकळा होतो आणि दोन दिवसांनी कपाळाला हात लावून बसतो.

म्हणून शिंगडॉक्टरच्या थिएटरात दोन फेऱ्यांचा नियम होता. पोट उघडून वाहतं रक्त थांबवलं, की पहिली फेरी त्याची. जठरापासून सुरुवात करायची, आतडं वीत-वीत करत हातांतून पुढे सरकवायचं, भोक दिसेल तिथे थांबून दुरुस्त करायचं, असं शेवटपर्यंत जायचं. मग तो टेबलापासून एक पाऊल मागे व्हायचा आणि त्याच्या हाताखालच्या डॉक्टरीणबाई पुढे यायच्या. दुसरी फेरी त्यांची, आणि ती उलट बाजूने, खालच्या टोकाकडून वर, आधी कोणी काही बघितलंच नाही असं समजून. जठराशी पोचल्यावर तिथलं आतड्याचं पहिलं वळण, जे पाठीला चिकटून बसलेलं असतं, ते मोकळं करून उचलायचं आणि त्याची मागची बाजू बघायची. हे मागचं बघणं कायम दुसऱ्या फेरीकडे असायचं. पहिल्या माणसाला दोन भोकं सापडली की त्याचं मन भरतं, असं तो म्हणायचा, आणि मन भरलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या भरवशावर मी माझा कुत्राही सोडणार नाही. एकदा खूप उशीर झाला म्हणून बाईंनी आज राहू द्यायची का असं नुसतं विचारलं, तर त्याने त्यांना असं झाडलं की त्या आठवडाभर त्याच्याशी कामापुरतंच बोलत होत्या.

आता दादाबद्दल सांगायला हवं. दादा म्हणजे डॉक्टरचा सख्खा थोरला भाऊ, आणि त्या सगळ्या पट्ट्यातला नावाजलेला वळूवाला. आईबाप लवकर गेले. दादाने स्वतःची शाळा सोडली, धाकट्याला शाळेत घातलं, आणि अभ्यास चुकवला तर पाठीत धपाटेही घातले. डॉक्टर व्हायचं खूळ धाकट्याच्या डोक्यात भरवलं तेही त्यानेच. दादाला आणि वहिनींना मूलबाळ झालं नाही, आणि त्यांनी कधी तशी रडकथाही गायली नाही. आमचा एक आहे ना, डॉक्टर, असं म्हणून विषय मिटवायचे.

दादाच्या हल्लीच्या वळूचं नाव होतं नवरदेव. लांबलांबच्या गावांहून गाई त्याच्याकडे यायच्या, त्यावरून दादानेच ते ठेवलेलं. कोणी गाय घेऊन आलं की दादा अगदी गंभीर चेहऱ्याने सांगायचा, बसा जरा, नवरदेव तयार होतायत. जनावर केवढं थोरलं, काळंभोर, पण दादापुढे गरीब. दादा त्याची मान खाजवायचा आणि ते डोळे मिटून उभं राहायचं.

दादा स्वतःही तसाच धिप्पाड. मात्र आपल्या अंगावर परकी नजर पडलेली त्याला खपायची नाही. उन्हाची काहिली होत असली तरी अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, गळ्याचं बटण लावलेलं. न्हाणीघराला आतून कडी, आणि कडीवर भरवसा नाही म्हणून दाराला बादली टेकवलेली. शिंप्याला माप द्यायचं तर स्वतः न जाता जुना सदरा पाठवायचा. धाकटा डॉक्टर होऊन घरी आला आणि मोठ्या हौसेने त्याच्या छातीला नळी लावायला गेला, तर दादा म्हणाला, वरूनच ऐक की, सदरा काही जाड नाहीये. वहिनी हसत सांगायच्या, लग्नाला एवढी वर्षं झाली, मी अजून ह्यांची पाठ धड बघितलेली नाही. अशी चेष्टा झाली की दादा कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल व्हायचा आणि उठून गोठ्यात जायचा.

त्या दिवशी सकाळचा राउंड आटोपून डॉक्टर चहाचा कप तोंडाला लावतोय, तोच खाली गाडीचा हॉर्न थांबायचं नाव घेईना. खिडकीतून बघितलं तर दादाचा टेम्पो. मागे गवताच्या पेंढ्यांवर दादा आडवा, शेजारी वहिनी गुडघे टेकून बसलेल्या. जिना आपण कसा उतरलो हे त्याला नंतर कधी आठवलंच नाही.

झालं होतं ते असं. दादा रोजच्यासारखा नवरदेवाला पाणी ठेवायला आत गेला. वाऱ्याने छपराचा एक पत्रा सुटून दाणकन फरशीवर पडला. जनावर बिचकलं, गर्रकन वळलं, आणि दादा भिंत आणि शिंग यांच्या मधे सापडला. त्यात राग नव्हता, डूख नव्हता. दादा तर गाडीतून उतरवतानाही तेच सांगत होता, की त्याची काही चूक नाही, त्याला कोणी मारू नका, विकू नका. उजव्या बरगडीखाली सदऱ्याला भोक पडलं होतं आणि त्यावर वहिनींनी ओल्या टॉवेलची घडी दाबून धरली होती. डॉक्टरने टॉवेल उचलून बघितलं. जखमेतून आतल्या चरबीचा पिवळसर पदर बाहेर डोकावत होता. दादाचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि तशातही तो एका हाताने सदरा खाली ओढत होता.

भोवती वॉर्डबॉय, सिस्टर, बाजारातून धावत आलेली माणसं, सगळी दाटी करून उभी. दादाने धाकट्याला डोळ्यांनी जवळ बोलावलं.

"तूच कर," तो म्हणाला. "दुसऱ्या कोणाला पोटाला हात लावू देऊ नकोस."

"मीच करतोय, दादा."

"शब्द दे."

डॉक्टरने शब्द दिला. घाबरलेल्या माणसाला धीर यावा म्हणून डॉक्टर लोक असले शब्द दिवसभर देत असतात आणि थिएटरचं दार बंद झालं की विसरतात. त्यात वावगं काही नाही. पण दाराशी वहिनींनी त्याची बाही धरली. त्या रडत नव्हत्या. हातांना रक्त लागलं होतं ते त्यांच्या लक्षातही नव्हतं.

"भाऊजी, ह्यांचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "काही झालं तरी परका हात लागू देऊ नका."

त्याने मान डोलावली आणि आत गेला.

आपल्या माणसावर आपण सुरी चालवू नये, हे त्यालाही कळत होतं. पण मोठं हॉस्पिटल लांब, रक्तदाब घसरत चाललेला, आणि शिंगाची पोटं त्याच्याइतकी कोणी उघडली होती? बाईंनी हात धुताना हळूच विचारलं, मी पुढे होऊ का सर, तुम्ही शेजारी उभे राहा. तो नको म्हणाला. इथवर त्याचं फारसं चुकलं असं कोणी म्हणू नये.

भूल चढली. सदरा कात्रीने कापावा लागला. आणि तेव्हा डॉक्टरच्या ध्यानात आलं की दादाचं उघडं पोट आपण जन्मात पहिल्यांदा बघतोय. मान आणि हात उन्हाने रापून काळपट झालेले, आणि पोटाचा रंग मात्र तान्ह्या मुलासारखा कोवळा. त्याने काही कारण नसताना हिरवी चादर थोडी वर ओढली आणि सिस्टरना म्हणाला, उगाच जास्त उघडं टाकू नका. आजवर त्याच्या तोंडून असलं काही कोणी ऐकलं नव्हतं. सिस्टरनी एकदा वर बघितलं आणि चादर नीट केली.

मग पोट उघडलं आणि हात आपसूक कामाला लागले. आत रक्त बरंच साठलं होतं. यकृताची कड फाटली होती, तिथून ते येत होतं. ती कड दाबून धरून, टाके घालून त्याने रक्त थांबवलं. पहिल्या फेरीत लहान आतड्याला दोन भोकं मिळाली, एकमेकांच्या शेजारीच. त्यांच्या चेचलेल्या कडा काढून टाकून त्याने ती शिवली. मोठं आतडं धड होतं. जठराच्या खाली, त्या पहिल्या वळणापाशी, पातळ पडद्याच्या आत थोडं रक्त पसरलेलं दिसलं. यकृताचंच ओघळलं असेल, असं तो मनाशी म्हणाला. दुसऱ्या कोणाचं पोट असतं तर त्याने बाईंना सांगितलं असतं, तिथे नीट बघा.

भूलवाले डॉक्टर डोक्याशी बसले होते. ते म्हणाले, प्रेशर आता छान आहे, नाडीही सावरलीय, सावकाश होऊ द्या. बाईंनी नेहमीसारखे दोन्ही हात छातीशी धरले आणि तो मागे सरकायची वाट बघत थांबल्या.

तो सरकला नाही. त्याच्या डोळ्यांपुढे न्हाणीघराच्या दाराला टेकवलेली बादली आली. आता हे हात कोपरापर्यंत आत जाणार, आतडं सगळं बाहेर काढून मांडणार, पार पाठीपर्यंत चाचपणार. बाईंचे हात चांगले होते, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं, त्यानेच तर ते घडवले होते. पण दादा शुद्धीत नाही, बिचाऱ्याला सदरा खाली ओढता येत नाही, आणि शब्द देणारा आपण इथे उभे आहोत. त्याला ते सहनच होईना.

"सर, दुसरी फेरी," बाई म्हणाल्या.

"नको."

"सर?"

"प्रेशर टिकायचं नाही. बंद करूया."

भूलवाल्यांनी मान वर केली. प्रेशर तर टिकलं होतं, आत्ताच त्यांनी सांगितलं होतं. त्यांनी मॉनिटरकडे बघितलं, डॉक्टरकडे बघितलं, आणि मान परत खाली घातली. सरांचा भाऊ आहे, सरांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. बाईंनी हात खाली घेतले. अहो, हेच तर वाईट असतं. शिकाऊ पोराची चूक दहा जण पकडतात, आणि मोठ्या माणसाच्या चुकीला सगळे अदबीने वाट करून देतात. डॉक्टरने पोट सलाइनने पुन्हा पुन्हा धुतलं, कुशीतून एक नळी बाहेर काढली, आणि पोट शिवलं. शिंग शिरलं होतं ती जखम तेवढी उघडी ठेवली, कारण घाणीची जखम कधी झाकायची नसते. बाकी सगळे नियम त्याने पाळले.

बाहेर वहिनी बाकावर बसल्या होत्या. कोणीतरी त्यांचे हात धुऊन दिले होते. त्यांनी पहिल्यांदा जिवाचं विचारलं, आणि मग, दुसऱ्या कोणाचा हात नाही ना लागला, हे विचारलं. नाही, मीच केलं सगळं, असं तो म्हणाला. वहिनींनी डोळे मिटून हात जोडले. त्या घटकेला डॉक्टरला इतकं समाधान वाटलं की त्याने उरलेला गार चहाही आनंदाने प्यायला.

दुसऱ्या दिवशी दादा उशीला टेकून बसला. तोंड कोरडं पडलं होतं पण जीभ ताळ्यावर होती. पहिली चौकशी नवरदेवाची. वहिनींनी सांगितलं, शेजारचे बाहेरूनच पाणी ठेवतायत, जनावर बरं आहे. मग त्याने धाकट्याला जवळ बोलावून विचारलं, काय रे, लहानपणी मी एक गोटी गिळली होती, ती दिसली का आत? डॉक्टर म्हणाला, ती माझी गोटी होती, चोरा, सापडली असती तर परत घेतली असती. दादा हसायला गेला आणि पोट धरून कण्हला.

"कोणी हात लावला नाही ना?" त्याने विचारलं.

"नाही दादा."

"बरं झालं," दादा म्हणाला आणि डोळे मिटले.

संध्याकाळी अंग कढत लागलं. पहिल्या दिवसांत एवढं चालायचंच, असं डॉक्टर म्हणाला. दादाची पाठ दुखायला लागली. पडून पडून दुखत असेल, असं तो म्हणाला. नाडी पळायला लागली. पाणी कमी पडलं असेल, म्हणून त्याने सलाइन वाढवलं. प्रत्येक गोष्टीला त्याच्याकडे उत्तर होतं. बाई कॉटच्या पायथ्याशी उभ्या राहून तापाचा तक्ता बघत होत्या. त्यांनी बाहेर कॉरिडॉरमधे त्याला गाठलं आणि सरळ सांगितलं, सर, परत उघडून बघूया. त्याने उद्या बघू म्हटलं. दुसऱ्या कुठल्या पेशंटबद्दल असं कोणी म्हटलं असतं, तर हाच माणूस खाऊ की गिळू करत त्याच्या अंगावर गेला असता.

सकाळी नळीच्या पिशवीत हिरवट पाणी जमा झालं होतं. पित्त. आता स्वतःला फसवायला जागा उरली नाही. डॉक्टर ती पिशवी हातात धरून तसाच खाली बसला, आणि सिस्टरना वाटलं त्याला चक्कर आली. शिंगाने मान वळवून तिसरी वाट काढली होती, आणि ती त्या वळणाच्या मागे गेली होती. बघितलं असतं तर दिसली असती. बघायला माणूस हात पुढे करून उभं होतं. हे त्याला तिथल्या तिथे, एका क्षणात, सगळं कळलं.

तो बाईंकडे गेला आणि म्हणाला, तुम्ही उघडा, तुम्हीच करा, मी नुसता उभा राहतो. माझ्या हातांवर माझा भरवसा नाही. बाईंनी बरं म्हटलं. त्यांनी एका शब्दाने त्याला टोचलं नाही. टोचलं असतं तर परवडलं असतं.

दादाला आणि वहिनींना सांगणं त्याच्यावर आलं. परत एकदा आत बघावं लागेल, असं त्याने सांगितलं. दादाच्या ओठांना फुफाटा लागल्यासारख्या चिरा पडल्या होत्या.

"तूच ना?" त्याने विचारलं.

"हो. मीच."

दादाने विश्वासाने मान हलवली. थोरल्या भावाशी डॉक्टर जन्मात फारसं खोटं बोलला नव्हता, आणि जे बोलला त्यातलं हे शेवटचं ठरलं.

बाईंनी पोट उघडलं. त्या खालच्या टोकापासून वर येत गेल्या, घाई न करता, जशी त्यांना शिकवण होती तशी. डॉक्टर भिंतीला पाठ लावून, हात काखेत धरून उभा होता. जठराशी पोचल्यावर त्यांनी ते वळण मोकळं केलं, उचललं, आणि थांबल्या. मागच्या बाजूला बोटाचं टोक जाईल एवढं भोक होतं. भोवतालचं सगळं हिरवं-काळं पडून कुजायला लागलं होतं.

"सापडलं, सर," त्या म्हणाल्या.

पुढचं सगळं त्यांनी नेटकेपणाने केलं. भोक शिवलं, त्या भागाला विसावा मिळावा म्हणून जठराची वाट खालच्या आतड्याला जोडली, नळ्या टाकल्या, सडलेलं काढलं, धुतलं. पहिल्या दिवशीच ते भोक सापडलं असतं तर यातलं निम्मंही करावं लागलं नसतं, दोन-चार टाक्यांत भागलं असतं. पण एव्हाना विष अंगभर पसरलं होतं. दादा नीट शुद्धीवर आलाच नाही. आधी लघवी बंद झाली, मग श्वासासाठी मशीन लागलं. वहिनी त्याच्या उशाशी बसून असायच्या. तपासायला येणारा प्रत्येक जण चादर उचलून पोट बघायचा, आणि तो गेला की वहिनी चादर परत गळ्यापर्यंत ओढून घ्यायच्या. डॉक्टरला ते बघवायचं नाही, आणि तिथून हलताही यायचं नाही.

एका दुपारी, खिडकीतून बाजाराचा गलका येत असताना, दादा गेला. डॉक्टरने स्वतःच्या हाताने नळ्या काढल्या, अंग पुसलं आणि घरून आणलेला सदरा त्याच्या अंगात घातला. गळ्याचं बटण मात्र त्याला लागेना. शेवटी वहिनींनी लावलं.

हॉस्पिटलमधे कोणी काही बोललं नाही. बाई बोलल्या नाहीत, सिस्टर बोलल्या नाहीत, भूलवाले तर त्याच्या वाऱ्यालाही उभे राहिनात. शिंगाने जातात माणसं, असं बाजारातले लोक म्हणाले आणि आपापल्या कामाला लागले. पुढच्या बाजाराच्या दिवशी एका गुराख्याला आणलं. डॉक्टरने पोट उघडलं, पहिली फेरी केली, आणि एक पाऊल मागे व्हायचं तिथे तो पार भिंतीपर्यंत मागे गेला. बाई दुसरी फेरी करत असताना त्याने डोळे घट्ट मिटून घेतले होते. त्या पोटात दुसऱ्या फेरीला काही सापडलं नाही. गुराखी बरा होऊन घरी गेला.

नवरदेवाला दादाच्या सांगण्याप्रमाणे कोणी मारलं नाही की विकलं नाही. वहिनीच त्याचं बघत होत्या. डॉक्टर सुट्टीच्या सकाळी त्यांच्याकडे जायला लागला होता. जायचा, ओट्यावर बसायचा, चार इकडचं-तिकडचं बोलायचा आणि उठायचा. बोलायचं ते ओठांपर्यंत यायचं आणि गिळलं जायचं. आणि दर वेळी वहिनींकडे कोणी ना कोणी भेटायला आलेलं असायचं, आणि वहिनी त्यांना एकच गोष्ट सांगायच्या, की गेले ते गेले, पण ह्यांची इच्छा भाऊजींनी पाळली. ते एवढं एक बोलताना त्यांचा चेहरा जरा निवळायचा. आलेली माणसं डॉक्टरकडे कौतुकाने बघायची. त्याला धरणीने पोटात घ्यावं असं व्हायचं.

एका सकाळी त्यांच्याकडे दुसरं कोणी नव्हतं. वहिनी गोठ्याजवळच्या हौदाच्या नळाखाली बादली भरत होत्या. कुंपणापलीकडे नवरदेव मान खाली घालून उभा होता. नवा पत्रा आता खिळ्यांनी पक्का ठोकलेला होता.

"मला एकच समाधान आहे, भाऊजी," वहिनी बादली भरता भरता म्हणाल्या. "ह्यांना शेवटपर्यंत परका हात लागला नाही."

गप्प बसता आलं असतं. त्यांच्यापाशी एवढं एकच उरलं होतं आणि ते काढून घेऊन कोणाचं भलं होणार होतं? पण त्या समाधानावर आपण फुकट मोठे होऊन बसलोय, हे त्याला आता एक क्षणही सोसवेना.

"लागला, वहिनी," तो म्हणाला. "लागायला हवा होता तेव्हा लागला नाही. उशिरा लागला."

मग त्याने सगळं सांगितलं. दोन फेऱ्यांचा नियम सांगितला, बाईंनी पुढे केलेले हात सांगितले, प्रेशरचं खोटं सांगितलं, मागचं भोक सांगितलं, आणि दुसऱ्या वेळी मीच करतो म्हणालो ते खोटं होतं, हेही सांगितलं. वहिनी ऐकत राहिल्या. बादली भरून पाणी पायांवर सांडायला लागलं, तेव्हा त्यांनी नळ बंद केला.

मग त्या म्हणाल्या, "म्हणजे दारात तुमची बाही धरून मी जे सांगितलं..."

"नाही, नाही वहिनी. तुम्ही सांगणारच. दादाही सांगणारच. ऐकायचं नव्हतं ते मी. मी डॉक्टर होतो."

"तेव्हा कुठे डॉक्टर होतात," वहिनी म्हणाल्या. "तेव्हा तुम्ही धाकटे होतात."

त्यात राग नव्हता आणि माफीही नव्हती. त्यांनी पदराने तोंड पुसलं, आणि पुसून झाल्यावर परत पुसलं. इतक्या दिवसांत डॉक्टरने त्यांना पहिल्यांदा रडताना बघितलं. काय करावं ते न सुचून तो उठला आणि भरलेली बादली उचलायला वाकला.

"आज नका हात लावू, भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

तो बाजूला झाला. त्यांनी बादली दोन्ही हातांनी उचलली आणि एकट्याच कुंपणाकडे पाणी पाजायला गेल्या.